पाच जण, एक दिवस, एकच पाणी: चिलापीशिवाय दुसरे मासे कसे लागतील?

इस्लामपूरकर (प्रश्न)

राम राम मंडळी. आम्ही पाच जण आहोत, तिघं इस्लामपूरचे, दोघं कराडचे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक रविवार सकाळपासून अंधार पडेपर्यंत गळ टाकून बसायचं ठरतंय. अडचण एकच. कुठंही गेलं तरी पिशवीत चिलापीच (तिलापिया). यावेळी रोहू, सायप्रिनस (कॉमन कार्प), मरळ, वांब (सापासारखा लांबट मासा), जमलं तर शिंगाळा (मिशांचा, काट्यांचा मोठा मासा), असे चार-पाच जातींचे मासे एकाच दिवसात बघायचेत.

सामान असं: दोन सात फुटी रॉड (रीळ ३०००), एक नऊ फुटी (रीळ ५०००), एक सहा फुटी हलका आणि एक बांबूची काठी. सगळ्यांवर ०.३५ मिमीची तंगूस (नायलॉनची दोरी), गळ सरसकट ६ नंबरचे. आमिष गांडूळ आणि कणकेची गोळी.

विचारायचं ते हे: पाणी कोणतं निवडावं? भिलवडी-औदुंबरकडे कृष्णेवर बसावं का? परवानगी कुणाची लागते? पाच जणांना दिवसभर चारा (मासे जमवायला पाण्यात टाकायचं खाद्य) किती लागेल? आणि शिंगाळ्यासाठी कोंबडीची आतडी चालतात असं ऐकलंय, ते खरं का?

---

कोयनाकाठ

तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. माणसं पाच, पण गळाचा नंबर एक, तंगूस एक, आमिष एक, आणि बहुतेक सगळे काठापासून दहा-पंधरा फुटांतच टाकत असणार. ती जागा चिलापीची. गांडूळ पाण्यात पडलं की सगळ्यात आधी तीच धावते, बाकीच्यांची पाळीच येत नाही. पाणी बदलून काही होणार नाही. थर वाटून घ्या.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या थरातला, पण चारा टाकला की तळाकडं उतरतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाचेच. गवत्या (ग्रास कार्प) काठच्या शेवाळात आणि पाणगवतात. चंदेऱ्याचा (सिल्व्हर कार्प) नाद सोडा, तो पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, गळाला क्वचितच लागतो. मरळ उथळ पाण्यात, झुडपाच्या आणि कमळाच्या पानांच्या आडोशाला. वांब दगडांच्या सांदीत. शिंगाळा खोल तळाला, उजेड कमी झाल्यावर.

यावरून रॉड असे वाटा.

नऊ फुटी रॉड तळाला. भोक असलेलं २० ग्रॅमचं शिसं तंगुशीत ओवा, त्याखाली एक मणी, मग फिरकी (तंगुशीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), फिरकीपुढं दीड फुटाचा तुकडा आणि ४ नंबरचा गळ. शिसं सरकतं राहिलं पाहिजे. पक्कं बांधलं तर सायप्रिनसला आमिष उचलताच वजन लागतं आणि तो ते थुंकून टाकतो. फेक तीस-चाळीस मीटर.

पहिला सात फुटी रोहूला. यावर सरकता फ्लोट लावा. आधी गळाला जड शिसं अडकवून खोली मोजा: फ्लोट बुडाला तर खोली जास्त, आडवा पडला तर कमी. माप कळलं की आमिष तळापासून वीतभर वर ठेवा. दुपारी ऊन चढल्यावर हाच फ्लोट खाली सरकवून आमिष पृष्ठभागापासून दोन-तीन फुटांवर आणलं की तो कटल्याचा रॉड झाला.

दुसरा सात फुटी मरळीला. हा रॉड एका जागी बसणाऱ्याचा नाही, चालणाऱ्याचा आहे. मरळवाले सविस्तर सांगतीलच.

सहा फुट्यावरची ०.३५ काढून ०.२२ भरा. तो दगडी पिचिंगच्या (काठाला लावलेल्या दगडांच्या) कडेनं वांब आणि शिंगटीसाठी (शिंगाळ्यासारखाच पण लहान मासा). बांबूच्या काठीवर ०.२० आणि १० नंबरचा गळ. ती मुद्दाम चिलापीला, बाकीच्यांपासून साठ-सत्तर फूट लांब. तिथं थोडी कणीक टाकत राहायची म्हणजे चिलापी तिकडं गुंतते आणि बाकीच्या चौघांना मोकळं पाणी मिळतं. दुपारच्या रश्श्याचीही सोय होते!

गळाच्या नंबरात घोळ होतो म्हणून सांगतो: १२ पेक्षा १० मोठा, १० पेक्षा ६ मोठा. १ च्या पुढं १/०, २/०, ३/० असा परत वाढत जातो.

---

पेंडवाला

वरचं सगळं मान्य. फक्त चाऱ्याशिवाय तळाच्या रॉडला अर्थ नाही. पाच जणांत चाऱ्यावर बसणारे रॉड दोनच, त्यामुळं फार लागत नाही. दिवसाला कोरडा चारा साधारण तीन किलो पुरे:

शेंगदाण्याची पेंड दीड किलो, गव्हाचा कोंडा एक किलो, भाजलेलं हरभऱ्याचं पीठ पाव किलो, कुटलेली भाजकी मेथी आणि बडीशेप मिळून मूठभर. शिवाय अर्धा किलो मका वेगळा. मका चोवीस तास भिजवून चाळीसेक मिनिटं उकडायचा, नखानं दाबला की फुटला पाहिजे. त्याचं पाणी टाकू नका, त्यातच चारा मळा.

पेंड घाण्यावरची ताजी घ्या. ढेप आदल्या रात्री फोडून भिजत घातली नाही तर खडे राहतात आणि मासे त्या खड्यांवरच पोट भरतात, गळाकडं येत नाहीत. पेंडीला हिरवट बुरशी किंवा खवट वास असेल तर गुरांनाही घालू नका, माशांना तर नाहीच.

पाणी एकदम ओतू नये. थोडं शिंपडायचं, हातानं फिरवायचं, वीस मिनिटं झाकून ठेवायचं, मग परत थोडं. कोंडा पाणी सावकाश पितो. घाईत मळलेला चारा हाताला बरोबर वाटतो आणि अर्ध्या तासानं दगड होतो. तपासायचं असं: लिंबाएवढा गोळा करून काठच्या पाण्यात सोडा. तळाला बसून पाच ते दहा मिनिटांत फुटला तर उत्तम. पडताना फुटला तर आणखी पाणी किंवा बेसन, पंधरा मिनिटांनीही तसाच राहिला तर कोंडा.

सुरुवातीला संत्र्याएवढे सात-आठ गोळे एकाच ठिकाणी. एकाच ठिकाणी म्हणजे खरंच एकाच ठिकाणी. समोरच्या काठावरचं एखादं झाड धरायचं, रिळाच्या क्लिपमध्ये तंगूस अडकवायची म्हणजे प्रत्येक फेक तेवढ्याच अंतरावर पडते. पुढं दर अर्ध्या तासाला दोन लहान गोळे. बहुतेकांचं गणित इथंच बिघडतं. तासभर काही लागलं नाही की कंटाळून उरलेला सगळा चारा एकदम ओततात. फेब्रुवारीत पाणी अजून गार असतं, मासा कमी खातो, त्याला मेजवानी घातली की तो गळाशिवायच जेवून जातो.

गळावरच्या गोळीसाठी तीन वाट्या कणीक, एक वाटी बेसन, चमचाभर मध किंवा गूळ. मळताना कापसाचा अगदी पातळ पदर पिंजून घाला. कापसामुळं गोळी गळाला धरून राहते आणि अळकुटासारखी बारकी पोरं ती कुरतडून संपवत नाहीत. गळाचं टोक उघडं ठेवा. गोळीत टोक पूर्ण गाडलं की ओढ बसूनही मासा अडकत नाही.

---

डोहवाला

मरळीचं.

तिला चारा लागत नाही, हालचाल लागते. रबरी बेडूक घ्या, साधारण अडीच इंची, दोन गळांचा, टोकं अंगाला चिकटून वर वळलेली. हा गवतावरून ओढला तरी अडकत नाही. जिवंत बेडूक लावू नका, बेडूक धरणं कायद्यात बसत नाही आणि गरजही नाही. या रॉडवर तंगूस काढून ३० पाउंडांची विणलेली दोरी भरा. तंगूस ताणते, त्यामुळं पानांत मरळीनं बेडूक धरला तरी गळ तिच्या कडक जबड्यात शिरत नाही.

मरळ हवेतूनही श्वास घेते. दर काही मिनिटांनी वर येते, बारीक ‘फुस्’ आवाज होतो आणि बुडबुडा उरतो. तिथं थेट टाकायचं नाही. सहा-सात फूट पलीकडं टाकून बेडूक त्या जागेवरून उड्या मारत आणायचा, मध्ये दोन सेकंद थांबवायचा. पाणी उसळलं की लगेच हिसका मारू नका, ही सगळ्यांची खोड असते. दोन आकडे मोजा, दोरी ताणली की मग रॉड उचला आणि लगेच खेचून मोकळ्या पाण्यात आणा. सैल सोडली की ती देठांना गुंडाळून घेते.

पिल्लांचा लालसर घोळका पृष्ठभागावर दिसला तर तिथं टाकायचंच नाही. खाली आई-बाप राखण करत असतात आणि त्या वेळी ते कशावरही तुटून पडतात. त्यांना काढलं की पिल्लं चिलापीच्याच पोटात जातात. हे पावसाळ्यात जास्त दिसतं, पण लक्षात असू द्या.

वांबेला ८ नंबरचा गळ, अख्खं गांडूळ, ५ ग्रॅम शिसं, दगडाच्या अगदी लगत. ओढ हलकी येते, रॉडचं टोक नुसतं थरथरतं. पहिल्या थरथरीलाच उचला, कारण ती सांदीत शिरून पाठीचे काटे दगडाला रोवते आणि मग तंगूस तुटते, वांब निघत नाही. हातात घेताना ओलं गोणपाट. तिच्या पाठीवर बारीक काट्यांची ओळ असते आणि ती हाताला विळखा घालते. फिरकी लावायला विसरलात तर एका वांबेत तंगुशीची जिलेबी होते.

शिंगाळ्यासाठी सूर्य बुडायच्या तासभर आधी नऊ फुटी रॉड मोकळा करा. गळ २/०, शिसं ३० ग्रॅम, खोल पात्राच्या कडेला. आमिष तीन-चार गांडुळांचा झुबका किंवा गोडी कोळंबी. कोंबडीची आतडीही चालतात, वास लांब जातो आणि शिवडाही (हाही मिशांचा मोठा मासा) त्याला येतो.

---

हरिपूरचा घाट

आतड्यांबद्दल वरच्या दादांना जरा थांबवतो. तलावात ठीक. कृष्णेवर भिलवडी, औदुंबर, चोपडेवाडी, ब्रह्मनाळ, डिग्रज, खाली हरिपूरपर्यंत मगरी आहेत, आणि आतड्यांचा वास शिंगाळ्याआधी त्यांना लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा मगरीचा अंडी घालायचा काळ. मादी काठाच्या मऊ मातीत उकरून अंडी घालते आणि जवळ फिरकणाऱ्यावर धावते. त्याच दिवसांत ऊन खायलाही मगरी काठावर पडलेल्या असतात. अंधार पडेपर्यंत बसायचं असेल तर नदीचा हा पट्टा नकोच.

तरी दिवसा नदीवर बसायचं ठरवलंत तर हे पाळा. पाण्यापासून दहा-बारा फूट मागं, उंच काठावर बसायचं. धरलेले मासे दोरीला ओवून किंवा जाळीत घालून पाण्यात सोडायचे नाहीत. मासा काठावर कापायचा-धुवायचा नाही. गळ झुडपात अडकला तर तोडायचा, पाण्यात उतरून सोडवायचा नाही. मासा वर घ्यायला लांब दांड्याची हातजाळी, सहा फुटांपेक्षा कमी नको. आणि ओंडका दिसला, जो प्रवाहाबरोबर जात नाही, की सामान उचलायचं. मगर गावाजवळ दिसली तर वन विभागाला १९२६ वर कळवा.

बंधाऱ्यांचंही सांगतो. पावसाळा संपल्यावर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबून शांत होतं, तिथं तळाचा मासा चांगला. पण बंधाऱ्याच्या भिंतीवर किंवा खालच्या अंगाला उभं राहू नका. शेवाळ असतं, आणि खाली पडणारं पाणी माणसाला परत भिंतीकडं ओढतं. कोयनेच्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालू झाली की २१०० क्युसेक पाणी सुटतं. कराडच्या वर कोयनेकाठी बसलात तर पातळी बदलते आणि फ्लोटची मापं परत घ्यावी लागतात. काठी खोचून पाण्याची खूण करून ठेवा.

एक काळजी आणखी. पाणी काळपट-तांबूस, वर फेस, मळीचा वास, मासे तोंड वर काढून हवा घेतायत असं दिसलं तर सरळ घरी जा. पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. असा मासा लागतही नाही आणि लागला तरी खाण्याजोगा नाही.

परवानगीचं: मोठ्या-मध्यम धरणांचा मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. संस्थेनं बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) विकत आणून सोडलेली असतात, तेव्हा न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या उसात शिरणं. कुणाकडं ठेका आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळतं, गावतलावाचं ग्रामपंचायतीत. दोन-तीन दिवस आधी भेटा. किती रॉड, किती वाजेपर्यंत, कटला-रोहू घरी नेता येतील की वजनावर पैसे द्यायचे, हे बोलून घ्या. त्यांची जाळी कुठं लावलीत तेही विचारा, नाहीतर तुमचा ३० पाउंडांचा दोर त्यांच्या जाळ्यात गुंतेल आणि भांडण होईल.

चांदोली आणि कोयनेचं बॅकवॉटर डोक्यातून काढा. दोन्हीकडं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. वाईच्या घाटावर, माहुलीच्या संगमावर, देवाच्या डोहातही नको.

तुमच्या पाच जणांना मध्यावर पडेल असं पाणी म्हणजे शिराळ्याजवळचं मोरणा धरण. संस्थेचा होकार आला तर तिथंच जा.

---

डोहवाला

मगरीचं बरोबर, माझं उत्तर तलाव धरून होतं. नदीवर आतडी नकोत, गांडुळाचा झुबकाच लावा.

---

इस्लामपूरकर

फार उपयोग झाला. नदी रद्द, तलावच. शिंगाळ्याला गांडूळच लावतो. अजून दोन शंका. एक, तळाच्या रॉडला घुंगरू बांधतो, ते सारखं वाजतं पण उचललं की काहीच नसतं. दोन, मोठा मासा लागला की तंगूस मध्ये नाही, गाठीतच तुटते. ०.३५ च्या जागी ०.४५ घ्यावी का?

---

पेंडवाला

जाड तंगूस घेऊ नका. ०.४५ रिळावर कमी मावते, लांब जात नाही आणि रोहू तिला बिचकतो. दोष गाठीचा आहे. तंगूस कोरडी आवळली की घासून तापते आणि तिथंच अशक्त होते. गाठीला पाच ते सात वेढे, आवळण्याआधी थुंकी किंवा पाणी, सावकाश ओढ, शेपूट दोन-तीन मिलिमीटर ठेवून काप. विणलेल्या दोरीला हीच गाठ सरकते. तिला दोर दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवायचा, साधी गाठ मारायची, उरलेल्या फासातून गळ काढायचा आणि आवळायचं. काठच्या दगडावर घासलेली पहिली चार-पाच फूट तंगूस प्रत्येक मोठ्या माशानंतर बोटांतून ओढून बघा. खरखर लागली तर कापून नवी गाठ.

दुसरं कारण रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा तंगूस सोडणारा ब्रेक. बहुतेक जण तो गच्च आवळून बसतात. तंगुशीच्या ताकदीच्या पाव भागावर ड्रॅग सुटायला हवा. ०.३५ साठी दोन किलोच्या आसपास. टोकाला ताणकाटा लावून ओढा, दोन किलोला रीळ फिरलं पाहिजे. जोडीदाराला ओढायला लावा आणि रॉड तिरका धरून मोजा, सरळ धरून मोजलेलं माप खोटं येतं.

घुंगराचं: वारा, बारकी पोरं किंवा सैल तंगूस. खऱ्या सायप्रिनसची खूण वेगळी. घुंगरू एकदा-दोनदा वाजून थांबतं, मग टोक सावकाश वाकतं आणि वाकलेलंच राहतं. किंवा उलट, ताणलेली तंगूस अचानक सैल पडते, म्हणजे मासा आमिष घेऊन तुमच्याकडं येतोय. दोन्ही वेळी उचला. नुसती टिकटिक असेल तर उचलू नका, तीन-चार मिनिटांनी आमिष बदला. कणकेऐवजी मक्याचे दोन दाणे लावले तर टिकटिक निम्म्यावर येते.

---

कोयनाकाठ

वेळेचं राहिलं होतं. फेब्रुवारीअखेर पहाटे पाणी गार असतं, तेव्हा तळाचा रॉड लवकर टाकून उपयोग नाही. चारा मात्र पोचल्या पोचल्या टाका. सकाळी वांब-शिंगटी. नऊ-दहानंतर ज्या काठाकडं वारा वाहतो तिकडं रोहू-सायप्रिनस, कारण वरचं तापलेलं पाणी आणि खाद्य तिकडं लोटलं जातं. तोंडावर वारा येतो म्हणून लोक नेमका तोच काठ सोडतात. भर दुपारी उथळ आडोशाला मरळ आणि कमी खोलीवर कटला. गवत्या दिसलाच तर लसूणघासाची चार पानं ६ नंबरच्या गळावर, शिसं न लावता, पाण्यावर तरंगती. शेवटचा दीड तास शिंगाळा.

शिंगाळा आणि शिंगटी गळावरून सोडवताना हातानं नाही, पक्कडीनं. पाठीचा आणि दोन्ही बाजूंचा काटा दातेरी असतो. टोचलाच तर जखम धुवून सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ते तासभर बुडवून ठेवा, साधारण ४५ अंश, त्याहून कडक नको. त्यासाठी एक थर्मास गरम पाणी बरोबर असू द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि काटा आत तुटला असेल तर स्वतः उकरू नका.

---

हरिपूरचा घाट

बर्फ सांगा कुणीतरी! जेवढे किलो मासे तेवढा बर्फ, थर्माकोलच्या पेटीत एक थर मासे एक थर बर्फ, खाली पाणी निचरायला भोक. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत ठेवलेला मृगळ शिराळ्याहून कराडला पोचेपर्यंत मऊ पडतो. मरळ आणि वांब बराच वेळ जिवंत राहतात, त्यांना ओल्या गोणपाटात ठेवलं तरी चालतं.

खडस लागला, म्हणजे आपल्याकडचा महाशीर, मोठे खवले आणि जाड ओठ, तर हात ओले करून, गळ पक्कडीनं उलटा फिरवून पाण्यातच सोडून द्या. त्याच्यासाठी आधीच गळाचा आडकाटा (टोकामागचा उलटा काटा) पक्कडीनं दाबून ठेवला तर दोन सेकंदांचं काम आहे. थाई मांगूर किंवा सकर (हे दोन्ही बाहेरून आलेले मासे) लागला तर मात्र परत सोडायचा नाही, आणि उरलेली जिवंत चिलापी बादलीतून दुसऱ्या तळ्यात नेऊन टाकायची नाही.